कार्बोरेटरचे जेटिंग कसे जुळवावे: मोटारसायकलच्या मिश्रणाचे टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गाडी उचलत नाही, चालता चालता गचके देते किंवा मूठ सोडताच सायलेंसरमधून फटफट आवाज काढते, अशी तक्रार सुरू झाली की बहुतेक जण थेट मेन जेट (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल मोजून जाते) बदलायला घेतात आणि तिथेच वाट चुकतात. मिश्रण बिघडले आहे अशी शंका आल्यावर "कोणता जेट बदलू?" हा प्रश्न नंतरचा आहे, "थ्रॉटल किती उघडा असताना गाडी त्रास देते?" हा प्रश्न आधीचा; थ्रॉटल म्हणजे मूठ फिरवल्यावर उघडणारी हवेची वाट. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल इंजिनपर्यंत नेणाऱ्या वाटा एकाहून अधिक असतात, आणि त्यांतली प्रत्येक वाट थ्रॉटलच्या ठरावीक टप्प्यातच मुख्यत्वे काम करते. गाडी पाव थ्रॉटलवर गचके देत असेल, तर मेन जेट दहा वेळा बदलूनही ते गचके जाणार नाहीत.

सगळा खटाटोप ज्यासाठी करायचा ते मिश्रण आधी समजून घेऊ. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने 1 भाग पेट्रोलाला सुमारे 14.7 भाग हवा लागते. पूर्ण ताकद हवी असताना हे प्रमाण साधारण 12.5 ते 13 भाग हवेपर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. सपाट रस्त्यावर संथ, स्थिर चालीत मात्र इंजिन त्याहून बऱ्याच कमी पेट्रोलवर समाधानाने चालते. पेट्रोल गरजेपेक्षा कमी असेल तर मिश्रण 'लीन' आणि जास्त असेल तर 'रिच' म्हणतात. इंधनात इथेनॉल मिसळलेले असेल तर हा हिशेब बदलतो, कारण शुद्ध इथेनॉलला वजनाने केवळ 9 भागांच्या आसपास हवा पुरते. 20 टक्के इथेनॉल असलेल्या इंधनासाठी योग्य प्रमाण सुमारे 13.5 वर येते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर नेमका जुळवलेला जेट अशा इंधनावर लीन ठरतो.

कार्बोरेटर पेट्रोल ओढतो असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात ते ढकलले जाते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब घटतो. खाली पेट्रोल साठवणाऱ्या, तरंगत्या फ्लोटच्या वाटीत मात्र बाहेरच्या हवेचाच दाब असतो. या दोन दाबांतला फरक पेट्रोलाला जेटमधून वर चढवतो. म्हणूनच वाटीतली हवा खेळती ठेवणारी बारीक नळी चिखलाने बुजली किंवा कुठे दुमडली, तर उत्तम जेट बसवलेली गाडीही वेड्यासारखी वागते. ही नळी कुठून निघते आणि कुठे सुटते, हे आपल्या गाडीवर आजच पाहून ठेवावे.

कोणता भाग कधी काम करतो

मूठ बंद असल्यापासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांची सत्ता चालते. पायलट जेटला काही जण स्लो जेट म्हणतात. पाव थ्रॉटलच्या आसपास स्लाइडच्या (गळ्यात वरखाली होऊन हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाच्या) तळाला हवेच्या बाजूने दिलेला तिरका काप महत्त्वाचा ठरतो. पाव ते पाऊण या मोठ्या टप्प्यात स्लाइडला लटकलेली निमुळती सुई आणि ती ज्यात वरखाली होते तो नीडल जेट यांचे चालते, तर पाऊण ते पूर्ण या टप्प्यात मेन जेट. हे टप्पे कात्रीने कापल्यासारखे वेगळे नसतात. एकाचा प्रभाव ओसरत असताना दुसऱ्याचा चढत जातो.

यासाठी एक साधी युक्ती करावी, तिच्याशिवाय पुढचे सारे अंदाजपंचे होते. मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या कागदी टेपचा एकेक तुकडा चिकटवावा. केबलचा ढिलेपणा संपेपर्यंत मूठ फिरवून दोन्ही तुकड्यांवर एकमेकांसमोर येणारी रेघ मारावी, मग मूठ पूर्ण फिरवून दुसरी रेघ, आणि त्यांच्या मध्ये पाव, अर्धा व पाऊण यांच्या खुणा कराव्यात. आता चालवताना तक्रार आली की एक क्षण नजर टाकून ती कोणत्या खुणेवर येते ते कळते. जिथे स्लाइड केबलने नव्हे तर रबरी पडद्यावरच्या दाबाने उचलली जाते, त्या सीव्ही प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये मूठ आणि सुई यांचे नाते इतके सरळ नसते. तिथे मुठीच्या खुणेबरोबर इंजिनाचा आरपीएमही (मिनिटाला होणारे फेरे) टिपावा लागतो.

जेटला हात लावण्याआधी

जेटिंगची म्हणून सांगितली जाणारी तक्रार पुष्कळदा जेटिंगची नसतेच. एअर फिल्टर मळलेला असेल तर गाडी रिच वाटते, व्हॉल्व्हची फट बिघडली असेल तर आयडलिंग (मूठ सोडलेली असतानाची इंजिनाची चाल) ठरत नाही, टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले असेल तर काही अंतर गेल्यावर पेट्रोल यायचे थांबते, आणि जुना प्लग यांपैकी कशाचेही सोंग आणू शकतो. मी स्वतः एकदा तीन दिवस पायलट जेट बदलत बसलो होतो. मूठ सोडली तरी आरपीएम खाली यायला वेळ लागायचा, एखाद्या दिवशी गाडी ठीक चालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच व्हायचे. शेवटी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड हातात घेऊन वाकवला, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर उघडली. जोड सरळ असताना ती दिसतही नव्हती.

म्हणून हा जोड काढून, वाकवून, उजेडाकडे धरून पाहावा. बसवल्यावर इंजिन आयडलिंगवर ठेवून जोडाच्या कडांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. या तपासणीसाठी अनेक जण कार्बोरेटर क्लीनर मारतात, पण तो ज्वलनशील असतो आणि गरम सायलेंसर तिथून वीतभरच दूर असतो, तेव्हा पाणीच बरे. इंजिन बंद खोलीत कधीही चालू ठेवू नये. मिश्रण जितके रिच, तितका धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.

लीन की रिच याचा अंदाज चोकवरूनही येतो; चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करण्यासाठी मिश्रण रिच करणारा खटका. गरम इंजिनावर, त्रास होणाऱ्या टप्प्यात चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारली तर ती लीन आहे, आणखी बिघडली तर रिच. लीन गाडी थ्रॉटल उघडताच दचकल्यासारखी थांबते, स्थिर मुठीवरही मागेपुढे ओढ घेते, जास्त तापते आणि मूठ सोडल्यावर सायलेंसरमध्ये फटफटते. रिच गाडी जड वाटते, तिचा आवाज घुमा होतो, पेट्रोलचा वास येतो, काळा धूर निघतो आणि ती जसजशी गरम होते तसतशी अधिक बिघडते.

कार्बोरेटर उघडताना

पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल पारदर्शक भांड्यात सोडावे आणि भांडे पाच मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचे गोल थेंब किंवा गंजाचा भुगा दिसला, तर जेटिंगचा विचार बाजूला ठेवून आधी टाकी साफ करावी. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवरचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स खाचेचे दिसतात, पण ते पुष्कळदा जेआयएस या जपानी मानकाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण उतरत नाही, जोर लावताच वर निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर तळहाताने दाबून धरावा आणि मगच फिरवावा. जेट पितळेचे, मऊ असतात. त्यांच्या खाचेच्या पूर्ण रुंदीचा चपटा ड्रायव्हर घ्यावा आणि बसवताना हलक्या हाताने, नुसते घट्ट करावे. ॲल्युमिनियमच्या शरीरातले आटे गेले की तो कार्बोरेटर पूर्वीसारखा होणे कठीण असते.

जेटच्या भोकात तार घालू नये. 1.00 मिलिमीटर व्यासाचे भोक 1.05 झाले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 10 टक्क्यांनी वाढते, आणि तुमच्या जेटवरचा आकडा त्या दिवसापासून खोटा ठरतो. क्लीनर आणि दाबाची हवा यांनीच जेट साफ करून उजेडाकडे धरावा. भोक स्वच्छ, गोल आणि चकचकीत कडेचे दिसले पाहिजे. रबरी पडदा आणि ओ-रिंग यांना क्लीनर लागू देऊ नये, त्याने रबर फुगते.

मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवत, किती फेऱ्यांनी तळाला टेकतो हे मोजून लिहून ठेवावे. टेकल्यावर पुढे जोर दिला तर त्याचे सुईसारखे टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात. अनेक कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू एकटा नसतो: त्यावर आधी बारीक स्प्रिंग, मग मोहरीच्या दाण्याएवढी वाटणारी चकती आणि शेवटी इवलीशी ओ-रिंग असते. स्क्रू आणि स्प्रिंग हातात येतात, पण चकती व ओ-रिंग भोकातच चिकटून राहतात. ती आत आहेत हे लक्षात न घेता कोणी हवेचा झोत मारला, तर ती उडून जातात आणि नंतर ही गाडी कशानेच जुळत नाही. बॅटरी लावून भोकात पाहावे आणि वाकवलेल्या बारीक आकड्याने ती अलगद बाहेर घ्यावीत.

फ्लोटची उंची

वाटीतल्या पेट्रोलची पातळी चुकली असेल तर प्रत्येक टप्प्यावर मिश्रण चुकते, आणि तिची भरपाई कोणत्याही एका जेटने होत नाही. म्हणून जुळवणी इथूनच सुरू करावी. कार्बोरेटर उलटा करून असा तिरपा धरावा की फ्लोटची पत्री नीडल व्हॉल्व्हच्या (वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावरच्या स्प्रिंगला केवळ स्पर्श करील, ती दाबणार नाही. मग वाटीचा गॅस्केट काढलेल्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून गाडीच्या सेवापुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. इथे पुष्कळांची गफलत होते: हे माप जितके जास्त, तितकी प्रत्यक्ष पेट्रोलची पातळी खाली, म्हणजे मिश्रण लीन, कारण मोजताना कार्बोरेटर उलटा असतो. फ्लोट प्लास्टिकचा आणि न वाकणारा असेल तर फक्त नीडल व्हॉल्व्हची झीज तपासावी.

आयडलिंगची तात्पुरती जुळवणी

मिश्रणाचा स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि त्यांचे काम एकमेकांच्या उलट असते. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर साधारणपणे हवेचा स्क्रू. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू. बाहेर काढला की मिश्रण रिच होते. हा भेद न पाहता ऐकीव सल्ल्याने स्क्रू फिरवणे म्हणजे काम दुप्पट करणे होय.

इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून पुरते गरम करावे आणि स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करावी. मग तो पाव-पाव फेऱ्याने फिरवत, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून, आयडलिंगचा आरपीएम कुठे सर्वांत जास्त आणि आवाज कुठे सर्वांत स्थिर होतो ते शोधावे. तिथे थांबून आयडलिंगच्या स्क्रूने आरपीएम पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणावा. ही उत्तम जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान आली तर पायलट जेट बरोबर आहे. पेट्रोलचा स्क्रू अडीच-तीन फेऱ्यांपलीकडेही आणखी मागत असेल तर पायलट जेट लहान पडतो आहे. एका फेऱ्याच्या आतच समाधान मानत असेल तर तो मोठा आहे. हवेच्या स्क्रूला हाच नियम उलटा लावावा.

मेन जेट, मग सुई

काही जण खालून वर, म्हणजे पायलटपासून मेनपर्यंत जातात. मी आयडलिंग तात्पुरते लावून आधी मेन जेट पक्का करतो, कारण सुईच्या टप्प्यातले पेट्रोलही आधी मेन जेटमधूनच जाते. मेन बदलला की सुईचे गणित थोडे हलते.

पूर्ण थ्रॉटलची चाचणी रहदारीच्या रस्त्यावर करू नये. ट्रॅक किंवा वाहतुकीसाठी बंद असलेला सरळ मार्ग हवा, आणि खालचा गिअर व चढ मिळाला तर कमी वेगातही इंजिनावर पुरेसा भार येतो. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करावी. रिच मिश्रण फार तर प्लग काळा करते. पूर्ण थ्रॉटलवरचे लीन मिश्रण पिस्टनचा माथा वितळवू शकते. टू-स्ट्रोक इंजिनात तर पेट्रोलाबरोबरच तेल येते, त्यामुळे लीन म्हणजे उष्णता जास्त आणि वंगण कमी, आणि इंजिन जाम होण्याचा धोका दुहेरी. याच इंजिनांबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण वाढवले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, म्हणजे जास्त तेल घातल्याने मिश्रण लीन होते.

गाडी पूर्ण थ्रॉटलवर खेचत असताना मूठ किंचित, सुमारे एक अष्टमांश, मागे घ्यावी. त्या क्षणी गाडी पुढे झेपावल्यासारखी वाटली तर मेन जेट लहान आहे. मोठ्या जेटवर वरच्या आरपीएमला इंजिन घुमते, अडखळते आणि फेऱ्या चढत नाहीत. एकेक आकडा खाली येत, गाडी सर्वांत स्वच्छ आणि जोमाने खेचते तो जेट ठेवावा. दोन जेटमध्ये फरक कळेनासा झाला तर मोठा ठेवावा. जेटवरचे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नसतात: काही व्यासावरून देतात, काही प्रवाहावरून. म्हणून एका बनावटीचा 100 काढून दुसऱ्या बनावटीचा 100 बसवणे ही तुलना नव्हे, नवी सुरुवात आहे.

सुईच्या डोक्याजवळ साधारण पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत क्लिप बसते. क्लिप टोकाकडे, म्हणजे खालच्या खाचेत नेली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते; वरच्या खाचेत नेली की लीन होते. अर्ध्या थ्रॉटलच्या खुणेवर गाडी स्थिर चालवून, मग तिथूनच झटकन पाऊणपर्यंत उघडून पाहावे. दचकून मग उचलली तर सुई एक खाच वर न्यावी, म्हणजे क्लिप एक खाच खाली. घोगरेपणाने, आळसावून उचलली तर सुई एक खाच खाली. एकच खाच असलेल्या सुईखाली अर्ध्या मिलिमीटरची पातळ चकती घालून हेच साधता येते. पावाच्या आसपासचा दोष पायलट आणि सुई यांनी जात नसेल तरच स्लाइडच्या कापाकडे वळावे. कापाचा आकडा मोठा तितके मिश्रण लीन. रोजच्या वापरातल्या गाडीला ही वेळ क्वचितच येते.

प्लग काय सांगतो

नवा प्लग बसवून, पूर्ण थ्रॉटलवर काही वेळ खेचून, क्लच दाबत त्याच क्षणी इंजिन स्विचने बंद करावे आणि गाडी थांबल्यावर प्लग काढावा. आयडलिंगवर रेंगाळत घरी आणलेला प्लग आयडलिंगचेच मिश्रण दाखवतो. पांढऱ्या चिनी मातीवर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा चांगली. कोरडी मखमली काजळी म्हणजे रिच. पांढराफटक, फोड आल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे धोकादायक लीन. ओला, चिकट काळा थर दिसला तर ते तेल आहे, आणि तो दोष जेटचा नाही. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर रंग सावकाश आणि पुसट उमटतो, म्हणून प्लगला एकट्याला न्यायाधीश करू नये. सायलेंसरच्या नळीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाचे प्रमाण दाखवणारे साधन) बसवणे शक्य असेल तर त्याचा आकडा कितीतरी भरवशाचा असतो. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेंसरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) असेल तर सततचे रिच मिश्रण त्याला तापवून निकामी करते.

उंची आणि तापमान

समुद्रसपाटीपासून 2000 मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे 18 टक्क्यांनी घटते. कार्बोरेटर आपण होऊन याची थोडी भरपाई करतो, कारण विरळ हवेत दाबातला फरकही कमी पडतो आणि पेट्रोलही काहीसे कमी येते, पण पुरेसे कमी नाही. उरलेली चूक सुमारे 10 टक्के रिच इतकी असते, म्हणजे व्यासाच्या आकड्याने 105 चा मेन जेट 100 वर आणावा लागेल इतकी. थंडीत हवा दाट होते आणि तोच जेट लीन ठरतो; 0 अंश आणि 30 अंश सेल्सिअस यांच्या हवेत घनतेचा फरक 10 टक्क्यांच्या आसपास असतो. उंचावर लहान जेट बसवला असेल तर खाली उतरण्याआधी मूळ जेट परत बसवणे अत्यावश्यक आहे.

मोकळा सायलेंसर किंवा उघडा फिल्टर लावल्यावरही मिश्रण बहुधा लीन होते. हे बदल जेटिंगच्या आधी उरकून घ्यावेत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लगेच लिहावी: पायलट व मेन जेटचे आकडे, क्लिप वरून कितव्या खाचेत, स्क्रू किती फेरे बाहेर, फ्लोटचे माप, त्या दिवसाचे तापमान आणि ठिकाणाची उंची. सुई पक्की झाली की मिश्रणाच्या स्क्रूकडे परत यावे आणि गरम इंजिनावर आयडलिंगची जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी, कारण सुईतला बदल खालच्या टप्प्यात थोडा झिरपतो. त्यानंतर शंभरेक किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून प्लग पुन्हा एकदा काढून पाहावा आणि काढलेले जुने जेट आकडा लिहिलेल्या छोट्या पुड्यांत त्या वहीबरोबरच ठेवावेत.